आठ दिवसांसाठी दोन कॅमेरे

फोटोग्राफरला गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. पहिला, फोटो कधी मिळेल? आणि फोटो हातात पडला की दुसरा, मी इतका काळा कसा आलो? शहाद्यात चाळीस वर्षं दुकान चालवलं, दोन्ही उत्तरं तोंडपाठ झाली. पहिल्याला ‘परवा या’ आणि दुसऱ्याला ‘ऊन फार होतं हो त्या दिवशी’. पण गळ्यात नवा कॅमेरा अडकवलेली हौशी पोरं यायची ती तिसरंच विचारायची, “काका, कॅमेरा कुठला चांगला?” याचं उत्तर मला एका वाक्यात कधीच देता आलं नाही. ते मिळवायला मला आठ दिवस लागले होते, सांगायलाही वेळ लागतो, आणि पोरं तोवर कंटाळून पळायची. आता दिवाळी अंकवाल्यांनी पानं दिली आहेत. तुम्ही बसा निवांत, कुठं जाता!

साठीचं दशक अर्धं उलटलं असेल. आमचा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. माझ्याकडे तिपाईवरचा लाकडी पेटीचा कॅमेरा. काळ्या फडक्यात डोकं घालून काचेवर माणूस नीट बसवायचा, मग फडक्यातून बाहेर यायचं, गिऱ्हाइकासमोर उभं राहून ‘हलू नका’ म्हणून दरडावायचं आणि हातातला रबरी फुगा दाबायचा. माझ्या दरडावण्यामुळे त्या काळातले सगळे शहादेकर फोटोत गुन्हेगारासारखे दिसतात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

पेटी दुकानात ठीक होती. पण लग्नं गावोगावी लागायची, यात्रा भरायच्या, आणि ते धूड सायकलच्या मागे बांधून नेताना माझे हाल कुत्रा खात नव्हता. म्हणून मी हातात धरायचा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. साधा नाही, वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर वापरतात तसला, आत आरसा असलेला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कॅमेऱ्यात ज्या भिंगातून फोटो निघतो त्याच भिंगातून आपल्यालाही दिसतं. भिंगामागे तिरपा आरसा असतो, तो समोरचं चित्र वर फेकतो. बटण दाबलं की आरसा टुणकन वर उडतो आणि उजेड फिल्मवर पडतो. डोळ्याला दिसेल तेच फिल्मवर येणार, फसवाफसवी नाही.

फिल्मचे रोळ आणि फोटोचा कागद आणायला मी सुरतेला जात असे. तिथं ईश्वरकाका म्हणून एक म्हातारे जुने कॅमेरे विकायचे. त्यांच्याकडे एकदम दोन आले, एक जर्मन, एक जपानी. किंमत सारखीच, दोन्ही उत्तम. मी कधी हा उचलतो, कधी तो. तासभर हाच खेळ चालला तेव्हा काका वैतागले. “बेय लई जा, भाई. आठ दिवस पछी एक पाछो आपजे.” दोन्ही ने आणि आठ दिवसांनी एक परत आण! असा विश्वास टाकणारा व्यापारी पुन्हा भेटला नाही. मी सोमवारी दोन्ही कॅमेरे मांडीवर घेऊन सुरतेहून गाडीत बसलो आणि नंदुरबार येईपर्यंत पापणी मिटली नाही.

जपानी कॅमेरा डोळ्याला लावायचा. त्याच्या डोक्यावर काचेचा मनोरा होता, त्यामुळे जग जसं आहे तसं सुलट दिसायचं. खटका दाबला की आरसा वर जाऊन लगेच खाली यायचा, पुढच्या फोटोला तुम्ही तयार. हातात धरला की वाटायचं, आपण शहाद्याचे नव्हे, दिल्लीचे फोटोग्राफर आहोत.

जर्मन निराळा. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या दुधी काचेवर बघायचं. चित्र सुरेख, मोठं, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. खटका डाव्या हाताने दाबायचा. आणि एक खोड अशी की फोटो निघाला की आरसा वरच अडकून राहायचा. काच एकदम काळी. पुढची फिल्म फिरवेपर्यंत फोटोग्राफर आंधळा.

माझं मन अर्थातच जपानीवर बसलं होतं. तरी काकांचा मान राखायला दोघांची परीक्षा घ्यायची म्हणून सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो. तिथं घोड्यांचा बाजार भरतो. दरवर्षी मी तिथं राहुटी ठोकायचो आणि आतल्या आत फोटो धुवून तासाभरात हातात द्यायचो. घोडेवाले घोड्याचा फोटो काढून घेत, आणि पळत्या घोड्याचा मिळाला तर काय विचारता! दोंडाईच्याकडचे उखाभाऊ घोडेवाले माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी आपली पांढरी घोडी पळवून दाखवली. मी जर्मन उघडला. घोडी उजवीकडे पळाली, काचेत ती डावीकडे पळताना दिसली, मी इमानदारीत तिच्या मागे कॅमेरा डावीकडे वळवला. चार वेळा पळवली, चार वेळा हेच.

फोटो बघून उखाभाऊंचं तोंड बघण्यासारखं झालं. “भाऊ, मन्ही घोडी कोठे शे यामा? नुसती शेपटी शे! मी काय शेपटी इकाले आनेल शे का?”

‘शेपटी विकायला आणलीय का’ ऐकून आसपासचे सगळे खो खो हसले. मी जर्मन गुंडाळून ठेवला आणि जपानी काढला. यावेळी घोडी जिकडे तिकडेच मी. खटाखट सहा फोटो घेतले आणि त्यातला एक असा आला की घोडीचे चारी पाय जमिनीच्या वर, आयाळ उधळलेली, नाकपुडीपर्यंत सगळं लख्ख. उखाभाऊ तो ओला कागद हातात धरून बाजारभर फिरले. “देखा, कशी पळी राह्यनी! चारी पाय अधांतरी!” त्या दिवशी माझ्या राहुटीपुढे रांग लागली. निकाल लागला, असं मी मनाशी म्हटलं. जर्मन त्याच क्षणी परत पाठवला असता तरी चाललं असतं.

शुक्रवारी परत आलो तर दुकानात एक म्हातारी वाट बघत बसलेली. कळसाडीची काशीमाय. घरात ते गुजर लोक आपली गुजरी बोलत, माझ्याशी अहिराणी. हिच्या मुलाचं, भगवानचं, लग्न सहा महिन्यांपूर्वी झालं होतं आणि त्याचे फोटो मीच काढले होते. भगवान फौजेत. लग्नानंतर नवव्या दिवशी त्याला परत जावं लागलं.

“त्यानं पत्र उनं,” काशीमाय म्हणाली. “वहूना फोटो धाड म्हणस. पन तोंड दिसाले पाहिजे म्हणस.”

“लग्नाचे आहेत की, माय.”

“त्या तूच काढेल शेत नं? त्यामा मन्ही वहू म्हंजे लुगडानं गाठोडं शे!”

खरंच होतं. आमच्याकडे नवी सून परक्या माणसासमोर आणि सासऱ्यासमोर घुंगट काढायची, पदर पार हनुवटीपर्यंत. लग्नाच्या सगळ्या फोटोंत भगवानच्या शेजारी एक गाठोडं बसलं होतं. भगवानची तुकडी आता वर बर्फात जाणार होती, तिथं चार महिने टपाल पोचत नाही. म्हसावदचा एक जवान रजेवर आला होता, तो सोमवारी सकाळी परत निघणार. फोटो त्याच्या हाती गेला तर गेला, नाहीतर मग उन्हाळ्यातच. सुनेला बाजारात दुकानात आणणं त्यांच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. मी घरी येतो म्हणालो.

शनिवारी सायकल मारत कळसाडीला गेलो. गळ्यात जपानी, छाती पुढे. परसात काशीमायने सुनेला, सुमनला, कडुनिंबाखाली खाटेवर बसवलं होतं. सासरे कापूस वेचणीला मळ्यात गेलेले. काशीमायने दटावल्यावर सुमनने पदर कपाळापर्यंत नेला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. पदर खाली! मी कॅमेरा खाली केला, पदर वर. पुन्हा लावला, पुन्हा पदर. तीन फोटो घेतले, तिन्हींत घुंगट. फिल्मचा रोळ म्हणजे तेव्हा रेशनची साखर, जपून जपून वापरायची चीज.

“अय,” काशीमाय म्हणाली, “तू फोटो काढी राह्यना का बंदूक रोखी राह्यना?”

मी भडकलो. मी लवकर भडकतो, शहाद्यात कुणालाही विचारा. सुमनला म्हणालो, “अहो बाई, नवऱ्याला लुगडंच पाठवायचं असेल तर दुकानातून नवं कोरं पाठवा ना! मला कशाला उन्हात उभं करता?”

सुमन उठून आत गेली. आतून मुसमुसण्याचा आवाज आला. काशीमाय माझ्याकडे असं बघत राहिली की मला कडुनिंबावर चढून बसावंसं वाटलं. “गरीब पोरले कसाले बोलस? तिन्हं काय चुकनं? तिन्हा हात आपेआप वर जास. लहानपनथून तेच शिकेल शे ती.” मग म्हणाली, “मन्हा पोऱ्याले तोंड याद नही ऱ्हायनं तिन्हं. पत्रमा तसं लिखस नही तो. पन माले समजस.”

मी मान खाली घालून सायकलवर बसलो. नऊ दिवसांचा संसार, त्यातही दिवसा घरात पाहुणे आणि घुंगट. त्या पोराच्या जिवाला काय वाटत असेल, आणि मी त्याच्या बायकोला लुगड्यावरून बोललो होतो. स्वतःचीच लाज वाटली.

घरी नलिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. नलिनी दुकानाचा अर्धा भार उचलायची. पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे डाग झाकणं, सुरकुत्या कमी करणं, लग्नाळू मुलींचा रंग चार आणे उजळ करणं, हे सगळं तिचं काम. ती म्हणाली, “बरोबर आहे तिचं. तुम्ही एक डोळा मिटून दुसरा रोखलात की मलासुद्धा पदर घ्यावासा वाटतो.”

“लग्नाला अकरा वर्षं झाली आपल्या!”

“म्हणून तर घेत नाही. अहो, तो दुसरा का नेत नाही? त्याने यात्रेच्या आधी माझा फोटो काढत होतात तेव्हा कसे गरीब दिसत होतात. मान खाली, जशी काही वडिलांची बोलणी खाताय.”

“त्याने शेपट्या येतात,” मी म्हणालो.

“सुमन काही पळणार नाहीये,” नलिनी म्हणाली आणि जर्मन माझ्या पिशवीत टाकला.

रविवारी सकाळी पुन्हा कळसाडी. आधी सुमनची माफी मागितली, दाराकडे बघून, कारण ती दाराआड होती. काशीमायने तिला ओढून खाटेवर बसवलं. मी जर्मन पोटाशी धरला, झाकण उघडलं, मान खाली घातली. आणि खरं सांगतो, पदर हळूहळू वर गेला. मी तिच्याकडे बघतच नव्हतो ना! माझी नजर माझ्या पोटाशी होती. दुधी काचेवर एक गोल, सावळा, घाबरलेला चेहरा उजळला. मोठे डोळे, नाकात सोन्याची फुली. मी भिंग फिरवून चेहरा स्पष्ट करत होतो, एवढ्यात काशीमायने विचारलं,

“काय रे, खरं सांगजो. तुले तठे काही दिसस का?”

माझा हात थांबला. ‘नाही’ म्हटलं असतं तर काम त्याच घटकेला झालं असतं. एक शब्द खोटा, तोही चांगल्या कामासाठी. पण म्हातारीने ‘खरं सांग’ म्हणून विचारलं होतं, आणि कालच त्या घरात एका मुलीला रडवून गेलो होतो. मी म्हणालो, “दिसतं, माय. लख्ख दिसतं.”

झालं! पदर सरळ हनुवटीपर्यंत. मी मनात स्वतःला शिव्या घातल्या. हरिश्चंद्राचा अवतार! उद्या तो जवान रिकाम्या हातांनी गाडीत बसेल, आणि मी इथे खरं बोलल्याचं समाधान चघळत बसेन.

काशीमाय पुढे आली. “माले देखू दे.” कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात, तिची उंची माझ्या कोपराएवढी. मी गुडघे वाकवून उंटासारखा बसलो, तिने वाकून काचेत डोकं घातलं. “अय माय! झाडबी शे आठे! सुमन, तोंड उघाड जराशी. मीच देखी राह्यनी.”

सुमनने पदर वर केला. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. माझे गुडघे दुखायला लागले. मग तिने एकदा काचेत पाहिलं, एकदा खाटेकडे, पुन्हा काचेत.

“येनी फुली उजवा आंगे शे.”

“यात उलटं दिसतं, माय. डाव्याचं उजवं होतं. फोटोत बरोबर येईल.”

काशीमाय सरळ उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत असा काही खट्याळपणा आला की मला ती एकदम सोळा वर्षांची वाटली. “मन्ही वहूनी फुली डावा आंगे शे,” ती म्हणाली, “बठा गावले म्हाईत शे. आठे जी दिसी राह्यनी ती कोनी दुसरीच बाई शे. दुसरीले देख तू खुशाल, माले काय!”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सुमन हसली. अशी तशी नाही, खळखळून, सासूकडे बघत, मान मागे टाकून. पदर घसरून खांद्यावर आला आणि तिचं तिला भानही नव्हतं. गालाला खळी पडली होती. मी खटका दाबला.

काच काळी झाली.

त्याच वेळी बाहेर बैलगाडी वाजली आणि सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. मी फिल्म पुढे फिरवून काच उजळेपर्यंत खाटेवर पुन्हा गाठोडं. सासरे आल्यावर दुसऱ्या फोटोची बातच नको. म्हणजे एकच फोटो, आणि तो आला की हुकला, ती हलली की नाही, काही एक ठाऊक नाही. काशीमायने विचारलं, “निंघना का?” मी म्हणालो, “आता देवाला ठाऊक.” सगळा रस्ता मी त्या आरशाला शिव्या देत सायकल हाणली.

दुपारीच अंधाऱ्या खोलीत शिरलो. आमची अंधारी खोली म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची कोठी, दाराला दोन घोंगड्या. रोळ धुतला, निगेटिव्ह वाळवली, कागद औषधात बुडवला आणि लाल दिव्याखाली बघत उभा राहिलो. आधी केस उमटले, मग डोळे, मग दात. फुली डावीकडे. कुठंही हललं नव्हतं. खरं सांगायला लाज कसली, मी तिथंच बसकण मारली आणि डोळे पुसले.

बाहेर दोरीवर उखाभाऊंच्या घोडीचा फोटो वाळत होता, दुकानात लावायला मी मोठा करून ठेवलेला. त्याच्या शेजारी हा टांगला. नलिनी हात पुसत आली. घोडीकडे बघून म्हणाली, “छान आलीय हो. पाय कसे दिसतात बघा!” मग तिने दुसऱ्या फोटोकडे पाहिलं. नुसती हसली. फोटोतली बाई समोर बसून हसली असती तर आपण जसे हसू, तसं.

मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मला कळलं की जपानी जाणार. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या कॅमेऱ्यावर माझा जीव होता.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने म्हसावदला जाऊन फोटो जवानाच्या हातात दिला, दोन पुठ्ठ्यांत घालून, दोऱ्याने बांधून. मंगळवारी सुरतेला जाऊन जपानी काऊंटरवर ठेवला. ईश्वरकाकांनी चष्मा वर केला. हा पाच मिनिटांत विकला जाईल, दुसरा महिनाभर पडून राहिला असता, असं त्यांनी मला सुनावलं. मी म्हणालो, “काका, आमच्याकडे मान खाली घालूनच आत जाता येतं.” त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी चहा मागवला.

काशीमायने ती दुसऱ्या बाईची गोष्ट गावोगाव केली. मग मला घराघरातून बोलावणी येऊ लागली, परसात, माजघरात, जिथं परका पुरुष कधी शिरत नसे. सुना, नणंदा, बाळंतिणी, माहेरी आलेल्या लेकी. कुणी विचारलंच की दिसतं का, तर मी दरवेळी ‘दिसतं’ म्हणालो, आणि बाया एकमेकींना सांगायच्या, “दुसरीच दिसस त्याले!” तोंडभर हसायच्या आणि मी खटका दाबायचो. ‘हलू नका’ म्हणायचं मी सोडून दिलं. मानेला मात्र जन्माचं दुखणं जडलं, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. आणि सारंगखेड्याला मी पुढे फक्त उभ्या घोड्यांचे फोटो काढले. दुसऱ्या फोटोग्राफरांना पळत्या घोड्यांमागे खटाखट करताना बघितलं की अजून तो जपानी आठवतो. उखाभाऊ तर मेले तरी मला माफ करणार नव्हते, आणि त्यांनी केलंही नाही.

उन्हाळा लागल्यावर एक आंतरदेशीय पत्र आलं. पत्त्यावर नुसतं ‘फोटोग्राफर, शहादा’. भगवानचं होतं. अक्षर ठळक, शाळेतलं.

लिहिलं होतं, फोटो पोचला, वर घेऊन गेलो होतो, तुमचे उपकार आहेत. मी घरी नऊ दिवस होतो, पण तिला हसताना पाहिलं नव्हतं. गालाला खळी पडते हे मला फोटोत कळलं. घरून पत्रं येतात त्यात सगळे खुशाल आहेत असंच लिहितात, तसं सगळेच लिहितात. तिचं माझ्या आईशी कसं जमतं, घरात तिला कुणी बोलतं का, हे कुणाला विचारता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. ती फोटोत बाजूला बघून हसते आहे. ती कुणाकडे बघून हसली, एवढं कळवा.

मी त्याच दिवशी कार्ड टाकलं. वर नमस्कार, खाली सही, आणि मध्ये तीन शब्द: तुमच्या आईकडे बघून.